लॉर्डाच्या घरची भाकरी

इंग्रजी अमलात ज्या शब्दाचा दरारा गावकुसापर्यंत पोचला होता आणि गव्हर्नरास 'लाटसाहेब', सरसेनापतीस 'जंगी लाट' म्हणून आपल्या लोकांनी ज्याला मराठी वळण दिले होते, त्या 'लॉर्ड' या शब्दाच्या मुळाशी साधी भाकरी आहे, हे कळल्यावर कोणासही विस्मय वाटावा. सहस्राहून अधिक वर्षांपूर्वीच्या प्राचीन इंग्रजीत भाजलेल्या पावास 'ह्लाफ' म्हणत (आजचा 'लोफ' तो हाच), आणि त्याचे रक्षण करणाऱ्या घरधन्यास 'ह्लाफवेअर्द' अशी संज्ञा होती. तिचे 'ह्लाफोर्ड' झाले, पुढे 'लोव्हर्ड' झाले, आणि अखेर मधले व्यंजन गळून 'लॉर्ड' तेवढे उरले. त्या धन्याच्या पदरी राहणारा चाकर म्हणजे 'ह्लाफॅटा', पाव खाणारा. केंटचा राजा एथेलबर्ट याच्या सातव्या शतकातील कायद्यात हा शब्द आढळतो. मालकास 'पोशिंदा' म्हणणाऱ्या आणि खाल्ल्या मिठाला जागण्यात इमान मानणाऱ्या आपल्या समाजास हे नाते उलगडून सांगण्याची गरज नाही.

'लेडी'चे मूळ मला त्याहून मनोज्ञ वाटते. 'ह्लॅफदिये' म्हणजे पावाची कणीक मळणारी. यातील उत्तरपद ज्या धातूपासून आले, त्याच्याच कुळातला संस्कृतातील 'दिह्' हा लिंपणे, माखणे या अर्थाचा धातू, आणि त्यापासून झालेला आपला 'देह'. म्हणजे सरदारघराण्यातील स्त्रीच्या किताबात आणि आपल्या नित्याच्या शब्दात, मळून आकार देणाऱ्या हातांची एकच प्राचीन स्मृती वास करून आहे.

लॅटिनमध्ये पावास 'पानिस' म्हणत. त्यास 'सह' या अर्थाचा उपसर्ग लागून, एकत्र बसून पाव खाणारा तो 'कंपॅनियन', आणि अशा सोबत्यांचा मेळा ती 'कंपनी'. गॉथिक भाषेतही याच घडणीचा, 'सह' आणि 'पाव' मिळून झालेला, सोबत्यासाठीचा शब्द होता. पुढे भांडवल आणि जोखीम वाटून घेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मंडळीसही 'कंपनी' हेच नाव पडले. 1600 साली सनद मिळालेल्या अशाच एका मंडळीने 1818 साली पेशवाई बुडवली, आणि आपल्या दप्तरांतून 'कंपनी सरकार' हा शब्द रूढ झाला.

पण तोच 'पानिस' आपल्याकडे त्याआधीच दुसऱ्या वाटेने येऊन पोचला होता. 1510 साली गोवे घेणाऱ्या पोर्तुगीजांच्या तोंडचा 'पांव' हा त्याचाच वंशज; त्यावरून आपला 'पाव' झाला, आणि गोव्यात पहाटे दारोदार पाव घेऊन येणारा 'पोदेर'ही त्याच घराण्यातला.

शाळांतून इंग्रजी शब्दांची वर्णाक्षरे व अर्थ मुलांकडून घोकून घेतले जातात, आणि कोशात शेजारीच दिलेली व्युत्पत्तीची ओळ मात्र वाचलीही जात नाही. शिक्षकांनी नवा शब्द शिकवताना तीही मुलांस वाचून दाखवावी, एवढीच त्यांना कळकळीची विनंती आहे.