मुखत्यारपत्र, नोटरी आणि आपण मस्कतकर

या स्मरणिकेसाठी देणग्या आणि जाहिराती गोळा करायला आम्ही दोघं यंदा रुवीपासून अल खुवैर, घाला, अझैबापर्यंत बऱ्याच घरी जाऊन आलो. पावती फाडेपर्यंत चहा यायचा, आणि चहा संपेपर्यंत एक प्रश्न हमखास यायचा, "तुम्ही मागे ठाण्याचा फ्लॅट विकलात ना? मुखत्यारपत्र इथूनच केलंत का हो?" पाचव्या घरी हाच प्रश्न आला तेव्हा ठरवलं की कविता आणि पाककृतींच्या मध्ये एक रुक्ष लेख बसवून टाकायचा. संपादकांनी नाक मुरडलं नाही, हे त्यांचे उपकार.

आधीच सांगतो, आम्ही वकील नाही. दोघंही इंजिनिअर, पोट संगणकावर. पण या विषयात एकदा चांगले तोंडावर आपटलो आहोत, आणि ती पात्रता थोडी नाही.

झालं असं. वडिलांच्या पश्चात ठाण्याचा फ्लॅट आई, धाकटा भाऊ आणि आमच्या नावावर आला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि आईचे गुडघे पार गेलेले. फ्लॅट विकून भावाच्या जवळ तळमजल्यावर घर घ्यायचं ठरलं. गिऱ्हाईक मिळालं, त्याचं बँकेचं कर्ज मंजूर झालं. सुट्टी काही मिळेना. मग भावाने व्हॉट्सअॅपवर मुखत्यारपत्राचा मसुदा पाठवला. आम्ही तो घरच्या प्रिंटरवर छापला, जेवणाच्या टेबलावर बसून सह्या केल्या आणि कुरिअरने पाठवून दिला. तिकडे भावाने तो कोर्टाबाहेरच्या एका नोटरीकडे नेला. त्यांनी 'माझ्या समक्ष सही केली' असा शिक्का मारून, खाली सही करून, पाच मिनिटांत परत दिला. आम्ही खूश! काय सोपं काम!

पुढे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात कारकुनाने कागद उलटसुलट पाहिला, सोबत जोडलेली पासपोर्टची प्रत पाहिली आणि शांतपणे विचारलं, "साहेब मस्कतला असतात ना? मग या तारखेला इथे येऊन सही कुणी केली?" भावाकडे उत्तर नव्हतं. दस्त परत आला. गिऱ्हाइकाच्या कर्जमंजुरीची मुदत संपायला अठरा दिवस उरले होते, आणि आई सामान बांधून बसली होती.

दोष त्या नोटरीचा होता हे खरं, पण निम्मा आमचाही होता. खोटं त्यांनी लिहिलं, ते लिहून घेतलं आम्ही. त्या अठरा दिवसांत जे वाचलं, विचारलं आणि धावपळ करून शिकलो, तेच पुढे लिहितो आहोत.

आपल्याकडे बहुतेकांना वाटतं की नोटरीचा शिक्का म्हणजे कागदातला मजकूर खरा असल्याची सरकारी ग्वाही. तसं मुळीच नाही. मुखत्यारपत्रावर नोटरी एवढंच सांगतो की अमुक माणूस अमुक दिवशी माझ्यापुढे आला, तो तोच आहे याची मी खात्री केली, आणि त्याने समजून-उमजून सही केली. मजकूर खरा की खोटा, याची जबाबदारी सही करणाऱ्याची. म्हणजे त्या शिक्क्याची सगळी किंमत 'समक्ष' या एका शब्दात आहे. तो शब्द खोटा निघाला की उरतो नुसता शाईचा गोल.

भारतात हे काम नोटरी अधिनियम १९५२ आणि त्याखालच्या १९५६ च्या नियमांनी चालतं. नोटरी हा सहसा निदान दहा वर्षं वकिली केलेला माणूस (महिला आणि मागासवर्गीय वकिलांना सात वर्षं). त्याला केंद्र किंवा राज्य सरकार ठरावीक क्षेत्रासाठी नेमतं, आणि त्याचं प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं, नंतर नूतनीकरण. शिक्का कसा असावा हेही नियमात आहे : गोल, पाच सेंटीमीटर व्यासाचा, त्यावर नाव, क्षेत्र आणि नोंदणी क्रमांक. पण शिक्क्यापेक्षा महत्त्वाची वस्तू म्हणजे त्याची नोंदवही. केलेल्या प्रत्येक कामाची नोंद तिच्यात क्रमवार झाली पाहिजे. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर तो 'लॉग' आहे. मागाहून मध्ये ओळ घुसडता येऊ नये, हाच त्याचा गुण. आमच्या त्या पहिल्या कागदावर नोंदवहीचा अनुक्रमांकच नव्हता, आणि तो आम्ही पाहिलाही नव्हता.

म्हणून चांगला नोटरी ओळखायचा तो त्याच्या कटकटीवरून. तो मूळ ओळखपत्र मागतो, झेरॉक्सवर भागवत नाही. आधीच सही करून आणलेला कागद परत करतो. कोऱ्या जागा दिसल्या तर आडवी रेघ मारायला लावतो. आजोबांना इंग्रजी येत नसेल तर मजकूर मराठीत समजावून सांगतो आणि तसं लिहून ठेवतो. नोंदवहीत तुमची सही घेतो. ज्या व्यवहारात त्याचा स्वतःचा काही संबंध आहे त्याला हात लावत नाही. असा माणूस भेटला की आपण म्हणतो, "फार किचकट आहे बुवा, दुसरीकडे जाऊ." दुसरीकडे पाच मिनिटांत काम होतं. आमचं झालं तसं!

खरं तर ही समक्षतेची गोष्ट आपल्या मातीत जुनीच आहे. मोडीतले जुने कागद पाहिले तर खाली साक्षीदारांची यादी सापडते, आणि ज्याला लिहिता येत नाही त्या कुणब्याच्या नावापुढे नांगराची निशाणी. कागद ज्याच्या हातचा त्याचं नाव 'बिकलम' म्हणून वेगळं. कोण हजर होतं आणि कुणी लिहिलं, हे मजकुराइतकंच महत्त्वाचं मानलं जाई.

आपण राहतो त्या ओमानमध्ये नोटरीला 'कातिब बिल अद्ल' म्हणतात. अर्थ साधारण 'न्यायाने लिहिणारा'. कुराणातल्या दुसऱ्या सूरेत उसनवारीचा व्यवहार लेखकाकडून न्यायाने लिहून घ्यावा, साक्षीदार ठेवावेत, असं सांगितलं आहे. हे नाव त्या परंपरेतलं. इथला कातिब हा सरकारी अधिकारी, कोर्टाबाहेर छत्रीखाली बसणारा नव्हे, आणि त्याचं कामकाज अरबीत. आपल्या गोव्यातही पोर्तुगीज काळापासून नोटरी या शब्दाला असंच वजन आहे. तिथे वारसांचा दस्त नोटरीपुढे होतो, आणि गोव्याच्या २०१२ च्या वारसाहक्क कायद्यात 'विशेष नोटरी' नावाचा सरकारी अधिकारीच आहे. गोव्यातले नातलग "नोटरीकडे जाऊन आलो" म्हणतात आणि मुंबईकर "नोटरी करून घेतलं" म्हणतात, तेव्हा दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

आता मुद्द्याचं. मस्कतमध्ये बसून महाराष्ट्रातल्या मालमत्तेसाठी मुखत्यारपत्र करायचं तर रस्ते दोन. पहिला, भारतीय दूतावास. १९४८ च्या एका कायद्याने परदेशातल्या आपल्या वकिलाती अधिकाऱ्यांना नोटरीची सगळी कामं करता येतात. आणि नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ३३ मध्ये, भारताबाहेर राहणाऱ्याचं मुखत्यारपत्र कुणापुढे झालेलं चालेल त्या यादीत भारतीय कॉन्सलचं नाव स्पष्ट आहे. दुसरा रस्ता, ओमानी नोटरी आणि त्यावर इथल्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. अपोस्टिल करारात भारत २००५ पासून आणि ओमान २०१२ पासून आहे, म्हणून हा रस्ता खुला झाला. पण मजकूर अरबीत, मग त्याचं भाषांतर, मग ते भाषांतर तिकडच्या कार्यालयाला पटायला हवं. आमचं मत विचाराल तर घर-जमिनीच्या कामाला दूतावासच बरा.

दूतावासात जाताना छापील मजकूर न्यावा, सही मात्र करू नये. सही अधिकाऱ्यापुढेच! मूळ पासपोर्ट, रेसिडेंट कार्ड आणि प्रती बरोबर ठेवाव्यात. शुल्क, साक्षीदार आणि भेटीची वेळ यांचे नियम बदलत असतात, ते निघण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावेत. आणि इथली सुट्टी शुक्रवार-शनिवार, तिथली शनिवार-रविवार, हे विसरू नका. घाईच्या आठवड्यात दोन्हीकडची कार्यालयं एकाच वेळी उघडी असतात ते चारच दिवस.

मजकुराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण खरा धोका तिथे आहे. पुष्कळ जण 'माझ्या सर्व मालमत्तेचे सर्व व्यवहार' असं कुलमुखत्यारपत्र करून देतात, कारण तयार नमुना तसाच मिळतो. एका फ्लॅटचं काम असेल तर विशेष मुखत्यारपत्र करावं. त्यात फ्लॅटचा पूर्ण पत्ता, क्षेत्रफळ आणि काय-काय करण्याचा अधिकार ते एकेक लिहावं : करारावर सही, नोंदणीला हजर राहणं, ताबा देणं. पैसे कोणत्या खात्यात जमा व्हावेत तेही लिहावं. भावावर अविश्वास म्हणून नव्हे. उलट, उद्या कुणी त्याच्याकडे बोट दाखवलं तर त्याच्याजवळ कागद असावा म्हणून.

कागद महाराष्ट्रात पोचला की काम संपत नाही. परदेशात झालेल्या दस्तावर, तो राज्यात प्रथम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावं लागतं. आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको, मुलं अशा जवळच्या नातलगाला मोबदल्याशिवाय विक्रीचा अधिकार दिला असेल तर ते फक्त पाचशे रुपये. तोच अधिकार मित्राला किंवा एजंटाला दिला तर शुल्क थेट विक्रीखताइतकं! कुरिअरचं पाकीट आणि पोचपावती जपून ठेवा. तीन महिने कधी सुरू झाले याचा पुरावा तोच.

सुट्टीवर गेल्यावर मुखत्यारपत्र करणाऱ्यांसाठी एक वेगळा खड्डा आहे. त्याच कलम ३३ प्रमाणे, सही करताना माणूस भारतात राहत असेल तर नोंदणीच्या कामासाठीचं मुखत्यारपत्र निबंधक किंवा दुय्यम निबंधकापुढे झालेलं आणि त्यांनी प्रमाणित केलेलं लागतं. नुसत्या नोटरीवर भागत नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी घाईने नोटरी केली, आणि मस्कतला उतरल्यावर पहिला फोन आला तो 'हे चालत नाही' असा.

आणखी दोन गैरसमज घरोघरी ऐकले. एक काका म्हणाले, "मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवलंय, माझ्यामागे त्याला त्रास नको." काका, सहसा मुखत्यारपत्र देणाऱ्याबरोबरच संपतं. मागच्या सोयीसाठी मृत्युपत्र करावं लागतं, आणि त्याला नोटरी लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. दुसरा गैरसमज, मुखत्यारपत्रावर घर 'विकत' घेता येतं हा. सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये स्पष्ट केलं की मालकी मिळते ती नोंदणीकृत विक्रीखतानेच. गावी जागा घेऊ पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आमच्यासारखे संगणकवाले लगेच विचारतात, हे सगळं ऑनलाइन का नाही? माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ने मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र डिजिटल सहीतून मुद्दाम वगळले. २०२२ मध्ये बँकांसारख्या नियमनाखालच्या वित्तसंस्थांना दिलेल्या मुखत्यारपत्रापुरती सूट मिळाली, भावाला दिलेल्याला नाही. आधी आम्हाला याचा राग यायचा. पण डिजिटल सही कुणाच्या किल्लीने झाली ते सांगते, किल्ली फिरवताना पाठीशी कोण उभं होतं ते सांगत नाही. थरथरत्या हाताची आजी आणि शेजारी उभा घाई करणारा पुतण्या, हे पाहायला अजून माणूसच लागतो.

आमचं दुसरं मुखत्यारपत्र दूतावासात झालं. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिला, आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "पूरा पढ़ लिया है?" आम्ही हो म्हटलं. "पैसा किसके खाते में जाएगा, ये लिखा है?" लिहिलं होतं. मग त्याने पेन पुढे केलं. गिऱ्हाइकाची मुदत संपायला चार दिवस असताना ठाण्यात दस्त नोंदला गेला. आई आता तळमजल्यावर राहते, आणि संध्याकाळी स्वतः चालत कोपऱ्यावरून भाजी आणते.

तो पहिला कागद अजून आमच्या फायलीत आहे. त्यावरचा शिक्का गोल, पाच सेंटीमीटरचा, अगदी नियमात बसणारा.