कष्टाचा भार आणि पाठीचा कणा

दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटच्या डोंगररांगांतील गावे हळूहळू रिकामी होऊ लागतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज अशा बीड जिल्ह्याच्या अनेक तालुक्यांतील कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे ऊसतोडीसाठी निघतात. पती-पत्नीच्या जोडीला या व्यवसायात ‘कोयता’ असे म्हणतात. पहाटे फडात उतरावयाचे, कमरेत वाकून ऊस बुडाशी तोडावयाचा, पाचट सोलावयाचे, वाढे छाटावयाचे, मोळी बांधावयाची आणि ती डोक्यावर घेऊन गाडीत नेऊन टाकावयाची, हा पाच-सहा महिन्यांचा क्रम होय. हंगाम संपवून परतलेल्या माणसाला विचारले तर ‘कंबर धरली आहे’, ‘मान आखडली आहे’ हे उत्तर हमखास ऐकावयास मिळते. हे दुखणे नेमके कोठे होते, का होते आणि ते टाळता येईल काय, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम आपल्या शरीरातील मुख्य आधारस्तंभाची ओळख करून घेतली पाहिजे.

ऐंशी हाडांचा आधारस्तंभ

प्रौढ माणसाच्या शरीरात सामान्यतः २०६ हाडे असतात. त्यांचे दोन गट पाडले जातात. हात, पाय आणि त्यांना धडाशी जोडणारी खांद्याची व कमरेची हाडे मिळून १२६ हाडे होतात. हा उपांग सांगाडा. उरलेली ८० हाडे शरीराच्या मध्यरेषेत, म्हणजे अक्षावर असतात. त्यांना अक्षीय सांगाडा असे म्हणतात. कवटी, कानातील सूक्ष्म हाडे, गळ्यातील कंठास्थी, पाठीचा कणा आणि छातीचा पिंजरा हे त्याचे भाग होत.

या सांगाड्याची कामे मुख्यत्वे चार आहेत. तो धड व मस्तक यांना उभे धरतो. मेंदू, मेरुरज्जू, हृदय व फुप्फुसे या अवयवांचे रक्षण करतो. श्वासोच्छ्वासाच्या हालचालींना तो आधार देतो. चौथे काम सहसा आपल्या ध्यानात येत नाही. मणके, बरगड्या आणि छातीचे मधले हाड यांच्या पोकळ जाळीत लाल मज्जा असते व तेथे रक्तपेशी तयार होतात. म्हणून अक्षीय सांगाड्याला केवळ घराचा खांब समजणे अपुरे ठरेल.

डोक्यावर ठेवलेल्या मोळीचा भार ज्या वाटेने खाली उतरतो, त्याच वाटेने आपणही वरून खाली जाऊ.

कवटी आणि मान

कवटीत २२ हाडे असतात. त्यांपैकी ८ मेंदूची पेटी बनवितात व १४ चेहऱ्याची. खालचा जबडा सोडला तर ही हाडे एकमेकांत करवतीच्या दात्यांप्रमाणे घट्ट बसलेली असतात. तान्ह्या मुलाच्या टाळूवर मात्र ती अद्याप जुळलेली नसतात, म्हणूनच टाळू मऊ लागते. दोन्ही कानांत मिळून हातोडी, ऐरण व रिकीब या नावांची सहा इवलीशी हाडे असतात. रिकीब हे शरीरातील सर्वांत लहान हाड होय. जिभेच्या मुळाशी असलेले कंठास्थी दुसऱ्या कोणत्याही हाडाला सांध्याने जोडलेले नसते, ते स्नायूंच्या व अस्थिबंधांच्या आधाराने लटकलेले असते.

मोळीखाली चुंबळ ठेवल्याने टाळूला टोचत नाही, हे खरे. परंतु भार कमी होत नाही. तो कवटीच्या तळातून मानेच्या पहिल्या मणक्यावर येतो. शीर्षधर नावाचा हा मणका कड्यासारखा असतो. ‘होय’ म्हणताना मान हलते ती कवटी व शीर्षधर यांमधील सांध्यात, तर ‘नाही’ म्हणताना शीर्षधर आपल्या खालच्या मणक्याच्या खुंटीभोवती फिरतो. मानेत एकूण ७ मणके असतात. कण्यातील स्वतंत्र मणक्यांत ते आकाराने सर्वांत लहान आणि हालचालीला सर्वांत मोकळे असतात. निसर्गाने त्यांची घडण मस्तक पेलण्यासाठी केली आहे व मस्तकाचे वजन साधारणपणे ५ किलोच्या आसपास असते. मोळीचे वजन ३०-४० किलो वा त्याहूनही अधिक भरते. डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांच्या मानेतील चकत्या व सांधे लवकर का झिजतात, हे या तुलनेवरून सहज लक्षात येईल.

छातीचा पिंजरा

मानेखाली पाठीचे १२ मणके असतात. प्रत्येकाला बरगड्यांची एक जोडी जोडलेली असते. अशा २४ बरगड्या व पुढील उरोस्थी मिळून छातीचा पिंजरा तयार होतो. वरच्या सात जोड्या कूर्चेच्या साहाय्याने थेट उरोस्थीला जोडलेल्या असतात. पुढच्या तीन जोड्या वरच्या बरगडीच्या कूर्चेला जोडल्या जातात. शेवटच्या दोन जोड्या पुढे मोकळ्याच राहतात. श्वास घेताना बरगड्या बादलीच्या कडीप्रमाणे वर उचलल्या जातात आणि छाती रुंदावते. पिंजऱ्यामुळे पाठीचा हा भाग तुलनेने ताठ व सुरक्षित राहतो. म्हणून श्रमाचा त्रास बहुधा त्याच्या वर, मानेत, किंवा त्याच्या खाली, कमरेत जाणवतो.

कंबर: भाराचे केंद्र

कमरेचे ५ मणके कण्यातील सर्वांत जाड व भक्कम असतात. त्यांच्या खाली त्रिकास्थी असते. बालपणी तिचे पाच मणके वेगवेगळे असतात. वाढत्या वयात ते एकजीव होतात. त्याखाली माकडहाड. अशा रीतीने जन्मतः असलेल्या ३३ मणक्यांचे प्रौढपणी २६ भाग उरतात. त्रिकास्थी दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांत पाचरीसारखी बसलेली असते. येथून भार दुभागून खुब्यांच्या वाटे पायांत उतरतो.

बाजूने पाहिल्यास कणा सरळ काठीसारखा दिसत नाही. त्याला चार बाक असतात. पाठीचा व त्रिकास्थीचा बाक जन्मापासून असतो. मूल मान धरू लागले की मानेचा आणि उभे राहून चालू लागले की कमरेचा बाक तयार होतो. या बाकांमुळे कणा स्प्रिंगप्रमाणे धक्के सोसतो.

मणक्यांच्या मध्ये चकत्या असतात. चकतीचा बाहेरचा भाग चिवट तंतूंच्या वलयांचा व आतला गाभा मऊ, पाणीदार असतो. दिवसभराच्या दाबाने त्यातील पाणी थोडे थोडे बाहेर पडते व रात्री झोपेत ते पुन्हा शोषले जाते. म्हणूनच सकाळी माणसाची उंची संध्याकाळपेक्षा एखादा सेंटिमीटर जास्त भरते. प्रौढ चकतीला रक्तवाहिन्यांचा पुरवठा जवळजवळ नसतो. त्यामुळे ती फाटली तर सहजी भरून येत नाही. विश्रांती हा तिच्या पोषणाचा भाग आहे, ही गोष्ट कष्टकऱ्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे.

वाकल्यावर काय घडते?

स्वीडनमधील अस्थिशल्यचिकित्सक आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या कमरेच्या चकतीतील दाब प्रत्यक्ष मोजला. सरळ उभे असतानाचा दाब १०० मानला, तर उताणे झोपल्यावर तो २५ च्या आसपास येतो. पुढे वाकल्यावर तो सुमारे १५० होतो आणि वाकून हातात २० किलो वजन धरल्यास २२० पर्यंत जातो. याचे कारण तराजूच्या दांडीचे आहे. माणूस पुढे वाकला की धडाचे वजन कमरेपासून दूर जाते व ते तोलून धरण्यासाठी पाठीच्या स्नायूंना कित्येक पट जोराने ओढावे लागते. ती ओढही चकतीवरच पडते.

ऊसतोडीच्या कामात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. सकाळभर वाकून तोडणी आणि नंतर डोक्यावर मोळी घेऊन वाहतूक. वाकलेल्या अवस्थेतच अंग पिळून ओझे उचलले, तर चकतीच्या वलयाला तडा जाऊन गाभा मागे सरकतो. तो चेतेवर दाबला गेला की कंबरेपासून पायापर्यंत कळ जाते. ‘उसण भरली’ म्हणून सोडून दिलेले प्रत्येक दुखणे स्नायूंचेच असते असे नाही.

स्त्रियांचा कणा

या प्रश्नाची एक बाजू विशेष गंभीर आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले असल्याचे आढळून आले. याचा कण्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. अशा शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले गेले, तर हाडांतील खनिजे टिकवून धरणारे स्त्री-संप्रेरक एकाएकी नाहीसे होते. मग तिशी-चाळिशीतच हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि त्याचा मोठा फटका जाळीदार रचनेच्या मणक्यांना बसतो. मणके पाचरीसारखे दबतात व पाठीला पोक येते. ज्या पाठीवर कुटुंबाचा निर्वाह अवलंबून, तीच पाठ अकाली खचते.

गरोदरपणातही अस्थिबंध सैल होतात व कमरेचा बाक वाढतो. त्या काळात ओझे वाहणे आई व बाळ या दोघांच्याही दृष्टीने धोक्याचे होय. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या करारात स्त्रिया व किशोरवयीन कामगार यांना उचलावयास लावण्याचे ओझे प्रौढ पुरुषापेक्षा पुष्कळच कमी असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठीही ५५ किलोची मर्यादा सुचविली आहे.

सर्वच पाठदुखी ओझ्याची नव्हे

कणा दुखण्याची इतर कारणेही ध्यानात ठेवली पाहिजेत. अनेक आठवडे न थांबणारी पाठदुखी, बारीक ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे ही लक्षणे मणक्याच्या क्षयरोगाची असू शकतात. वेळीच औषधोपचार झाल्यास तो बरा होतो व त्याचे औषध सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. काही भागांत खोल विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड अधिक असते. प्रति लिटर १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास कणा ताठर होत जातो. गावच्या पाण्याची नियमित तपासणी करून घेणे हे म्हणूनच कण्याच्या रक्षणाचेही काम आहे.

कमरेच्या दुखण्याबरोबर पाय लुळे पडू लागले, बसण्याच्या जागी बधिरता आली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठले पाहिजे. जिल्हा रुग्णालयाखेरीज अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

गाडीवरून, शिडीवरून किंवा झाडावरून पडलेल्या माणसाला हातापायांना धरून उचलण्याची चूक सर्रास होते. मणका मोडला असेल तर अशा उचलण्याने आतला मेरुरज्जू तुटून माणूस जन्माचा पंगू होऊ शकतो. त्याला हलवू नये, मान सरळ व स्थिर धरावी, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हलविणे भागच पडले तर चार-पाच जणांनी मिळून, मान, पाठ व कंबर एका रेषेत ठेवून, फळीवर किंवा दाराच्या पल्ल्यावर घ्यावे.

आपण काय करू शकतो?

गुडघ्यांत वाकून, ओझे अंगाशी धरून व अंग न पिळता उचलावे, दोघांनी मिळून मोळी डोक्यावर चढवावी, अधूनमधून पाठ टेकून विसावा घ्यावा, हे सल्ले बरोबर आहेत. परंतु मजुरी टनावर मिळते आणि अंगावर मुकादमाची उचल असते, तेव्हा लहान मोळी बांधणे वा विसावा घेणे कामगाराच्या एकट्याच्या हाती राहत नाही, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. म्हणून जबाबदारी इतरांवरही येते.

त्या दृष्टीने काही व्यवस्था उभ्या राहिल्या आहेत. २०१९ मध्ये गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाची स्थापना झाली. कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये हाती घेण्यात आली. खासगी रुग्णालयात गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन बीडमध्ये घालण्यात आले. हंगामापूर्वी व हंगामानंतर आरोग्य तपासणीची पद्धतही सुरू झाली आहे. या तपासणीत रक्तदाब व रक्तातील लोहाबरोबरच ‘मान, कंबर दुखते काय? पायाला मुंग्या येतात काय?’ हे दोन प्रश्न विचारले गेले, तर अनेक दुखणी सुरुवातीलाच हाती लागतील.

ग्रामपंचायतीने प्रत्येक ऊसतोड कामगाराची नोंद व ओळखपत्र पूर्ण झाले आहे की नाही, हे पाहावे. शिक्षकांनी पालक गावाबाहेर पडण्यापूर्वीच मुलांची वसतिगृहात सोय लावून द्यावी. मणक्यांची वाढ विशीपर्यंत चालू असते. जे मूल शाळेत राहिले, त्याच्या डोक्यावर कोवळ्या वयात मोळी आली नाही. वर्गात सांगाड्याचे चित्र शिकविण्याइतकेच हेही शिक्षकाचे काम आहे.

‘पाठीला कणा असणे’ हा आपल्या भाषेत स्वाभिमानाचा शब्दप्रयोग आहे. बीड जिल्ह्यातील कष्टकऱ्यांना तो कणा कोणी शिकवावा लागत नाही. राज्याची साखर ज्यांच्या पाठीवरून कारखान्यात पोहोचते, त्यांची पाठ चाळिशीनंतरही सरळ राहील एवढी काळजी घेणे मात्र आपणा सर्वांच्या हाती आहे.