आडनाव नको, धंदा सांगा

कुणबी नोंदींच्या निमित्ताने गेली दोन-तीन वर्षं निम्मा महाराष्ट्र आपापला पणजोबा शोधतो आहे. 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा कागद हवा, म्हणून कोतवाल बुक, खासरा पाहणी, शाळेचं जनरल रजिस्टर हे शब्द चहाच्या टपरीवर ऐकू येतात. न्या. संदीप शिंदे समिती, आंदोलनं, शासन निर्णय हे सगळं वाचकांना पाठ आहे, त्यात शिरत नाही. माझी अडचण वेगळी आहे. ज्याला गुंठाभर जमीन नव्हती, त्याचा पणजोबा कुठे शोधायचा?

आम्ही पुण्याचे तांबट. सातबारा नाही, वतन नाही. आहे ते एक घंगाळ आणि एक दंतकथा. खापरपणजोबा पेशव्यांच्या तोफा ओतायचे, ही ती दंतकथा. आत्या ती आजही अशा थाटात सांगते, की तोफेचा धूर नाकात जावा.

मोडी वाचणारे एक निवृत्त चित्रकला शिक्षक मला या शोधात भेटले. अक्षर ते वाचत नाहीत, आधी त्याचं वळण हवेत बोटाने गिरवतात आणि मग उच्चारतात. मी आडनाव सांगितल्यावर त्यांनी हात झटकला. आडनाव नको, धंदा सांगा म्हणाले. जुन्या कागदात कारागीर म्हणजे ‘अमुक बिन अमुक तांबट’, बस. आडनाव बरेचदा शाळेत नाव घालताना मास्तरांनी चिकटवलेलं असतं.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात सुमारे 39 हजार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. रियासतकार सरदेसायांनी त्यातून 45 खंड काढले. त्यांत स्वाऱ्या आहेत, खलबतं आहेत. तांबटाला कोण विचारतो? पण जमीन नाही म्हणून सरकार कुणाला सोडत नाही. धंद्यावर मोहतर्फा नावाचा कर होता, आणि कर आला की यादी आली. गुरुजींनी अशाच एका कागदावरची तारीख मला फोडून दाखवली: ‘अशर मयातैन व अलफ’. अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार. झाले 1210, हा शुहूर सन. त्यात 599 मिळवले की 1809, आणि सन मृगाला बदलतो म्हणून उन्हाळ्यातला कागद असेल तर एक वर्ष पुढे. मी कॅल्क्युलेटर काढेपर्यंत ते पुढच्या ओळीवर गेले होते.

या कागदांतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे निशाणी. अंगठ्याची सही पुढे आली. त्याआधी लिहिता न येणारा माणूस आपलं हत्यार काढायचा. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. आधारकडे माझ्या बुबुळाचा ठसा आहे, पण मी पोटासाठी काय करतो ते त्याला ठाऊक नाही. त्या दोन रेघांच्या तराजूला ठाऊक होतं.

आमचा माणूस अखेर दफ्तरात नाही, त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वहीत सापडला. गाव आणि जात विचारून त्यांनी लांबट वही काढली, पानं उलटली, आणि शके 1801 म्हणजे 1879 सालचं पान समोर धरलं. तीन भाऊ, त्यांची मुलं, राहणार कसबा पेठ, पुणे. मूळ राजापूर. दंतकथेत कोकणाचा उल्लेखही नव्हता.

आता घंगाळ. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं खापरपणजोबांचं तेच वहीतलं नाव, शके 1804. पोटावर हातोड्याच्या ठोक्यांचं मठारकाम इतकं दाट, की बोट फिरवलं तर माशाच्या खवल्यावरून गेल्यासारखं वाटतं. 1882 साली हे ठोकणाऱ्या माणसाने 1818 च्या आधी तोफा ओतल्या असतील तर त्याचं वय ऐंशीच्या पुढे हवं. त्या वयात हातोडा एवढा सारखा पडत नाही. शिवाय तोफ ओततात, तांबट पत्रा ठोकतो. ओतकाम वेगळं, ठोककाम वेगळं. आमच्या आळीत पोराटोरालाही हे कळतं. माझा अंदाज असा: बोरघाटातून रेल्वे 1863 ला चालू झाली, मुंबईच्या बंदरात उतरलेला तांब्याचा पत्रा पुण्यात सहज येऊ लागला, आणि कामामागे माणसं आली. बंब, हंडे, घंगाळी. पेशव्यांचा संबंध असेल तर एखाद्याच्या अंघोळीपुरता.

हे सगळं आत्याला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि वहीच्या पानाचा फोटो मागितला. नावाशेजारी खापरपणजोबांनी शाईने निशाणी काढली आहे, आडवा दांडा आणि टोकाला जाड ठोकळा. हातोडा. आत्याने चष्मा वर केला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि फोन माझ्यासमोर धरला.

“मग ही काय आहे? तोफच की.”