झाडीतील वन्यजीवदर्शन आणि वाटाड्याचे कार्य
(भोर व वेल्हे तालुक्यांच्या संदर्भात)

माहीतगाराला बरोबर घेऊन अरण्यातील प्राणी पाहावयास जाण्याची पद्धती महाराष्ट्रात मुख्यतः ताडोबामुळे परिचित झाली. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेले ते अरण्य पानझडीचे आहे. उन्हाळ्यात तेथील झाडोरा विरळ होतो, प्राणी पाणवठ्यावर उतरतात आणि वाहनात बसूनही ते दिसू शकतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील झाडीत यांपैकी एकही सोय नाही. तेथे दृष्टी पंधरा-वीस पावलांपलीकडे पोचत नाही, आणि पायी चालण्यावाचून गत्यंतर नसते. अशा झाडीत पाहावयाचे काय, वाटाड्याचा उपयोग कोणता आणि अशा सहलींना मर्यादा का हवी, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात भोर व वेल्हे या तालुक्यांच्या आधारे केला आहे. (वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली. येथे अभ्यासकांच्या परिचयाचे जुने नाव ठेवले आहे.)

झाडीचे स्वरूप

या दोन तालुक्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस झपाट्याने कमी होत जातो. मढे घाट, वरंध घाट या बाजूंस कोकणावरून येणारे ढग प्रथम अडतात. म्हणून तेथे अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा अशा वृक्षांची सदाहरित व निमसदाहरित झाडी आढळते. पूर्वेस तिची जागा पानझडीची झाडी व गवताळ डोंगरउतार घेतात. परंतु ही झाडी आज सलग राहिलेली नाही. पानशेत व वरसगाव धरणांच्या परिसरात रस्ते झाल्यावर मालकीच्या जमिनींतील झाडे कोळशासाठी मोठ्या प्रमाणावर तोडली गेली, आणि अनेक ठिकाणी जुने वृक्ष केवळ देवराईतच उरले. डॉ. माधव गाडगीळ व डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात देवरायांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यामुळे ही वस्तुस्थिती विद्वानांपुढे आली. पानशेतच्या पाणलोटातील शिरकोली येथील शिरकाई देवीची राई या प्रकारची आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. येथील वन्य जीवांचे आश्रयस्थान म्हणजे काही चौरस मैलांचे अरण्य नव्हे, तर शेते, कारवीचे रान व वस्त्या यांच्या मधून मधून राहिलेले लहान लहान तुकडे होत. मोठ्या अरण्यात शंभर माणसे विखुरली तरी त्यांचा फारसा बोभाटा होत नाही. दहा-पंधरा एकरांच्या राईत तितकीच माणसे शिरली, तर प्राण्यांना सरकावयास जागाच उरत नाही.

दिवसाचे दर्शन

दाट झाडीत डोळ्यांपेक्षा कान अधिक उपयोगी पडतात. वानरांचा खेकसण्याचा आवाज एकाएकी उठला, अथवा भेकर थांबून थांबून भुंकू लागले, तर जवळपास बिबट्या असण्याचा संभव असतो. पहाटे ओढ्याकाठी माणसाच्या शिळेसारखी लांब शीळ ऐकू आली, तर ती मलबारी शीळकरी कस्तुराची होय. नवख्या माणसाला हे सर्व आवाज ऐकू येतात, परंतु त्यांचा अर्थ लागत नाही. तो अर्थ लावून देणे हे वाटाड्याचे पहिले कार्य.

दुसरे कार्य खुणा ओळखण्याचे. शेकरू या राज्यप्राण्याचे उदाहरण घेऊ. ही मोठी खार सहसा जमिनीवर उतरत नाही. फांद्यांवरून उड्या घेत एका झाडावरून दुसऱ्यावर जाते आणि उंच शेंड्याजवळ काटक्यापानांची गोल घरटी बांधते. एकच शेकरू अनेक घरटी बांधून ठेवते. त्यामुळे दहा घरटी मोजली म्हणजे दहा शेकरू झाली, हा हिशेब चुकीचा ठरतो. जाणता वाटाड्या घरट्यातील पाने हिरवी आहेत की सुकलेली, खाली अर्धवट कुरतडलेली फळे ताजी आहेत काय, हे पाहून मग बोलतो. शिवाय, मधले एखादे झाड तोडले तर शेकरूची वाट कशी खुंटते, हेही तो तेथेच दाखवू शकतो. वृक्षमाथ्यांचे छत्र सलग असणे म्हणजे काय, हे पुस्तकापेक्षा अशा जागी लवकर उमगते.

काजव्यांचे दिवस

मे महिन्याच्या अखेरीस वळवाचे पाऊस पडू लागले, की पुढील दोन-तीन आठवडे या खोऱ्यांत काजवे दिसतात. अलीकडे पुण्यामुंबईहून सर्वांत अधिक मंडळी येतात ती या दिवसांत. म्हणून या कीटकाचा जीवनक्रम नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

काजव्याचा प्रकाश त्याच्या उदराच्या शेवटच्या वलयांत उत्पन्न होतो. ल्युसिफेरीन नावाचे द्रव्य प्राणवायूशी संयोग पावते, ल्युसिफेरेज हे वितंचक ही क्रिया घडवून आणते, आणि उष्णता जवळजवळ न निघता प्रकाश बाहेर पडतो. हा प्रकाश म्हणजे जोडीदाराशी साधलेला संवाद होय. प्रत्येक जातीच्या उघडझापीची लय ठरलेली असते. सामान्यतः नर उडता उडता प्रकाशतो आणि मादी पानावर किंवा गवतावर बसून त्यास उत्तर देते. प्रौढ काजव्याचे आयुष्य थोड्या आठवड्यांचेच असते, आणि तेवढ्या अवधीत ही भेट घडावी लागते.

प्रेक्षकांना जे दिसत नाही ते याहून महत्त्वाचे आहे. मादी ओलसर मातीत अंडी घालते. त्यांतून निघणाऱ्या अळ्या पालापाचोळ्यात व मातीत राहतात, आणि गोगलगाई व तत्सम मऊ प्राणी खाऊन वाढतात. काजव्याच्या आयुष्याचा बहुतेक काळ या भूमिगत अवस्थेत जातो. म्हणजे यंदा झाडावर चमकणारा काजवा हा गतवर्षीच्या न तुडवलेल्या मातीचे फळ होय.

नियम व त्यांची कारणे

काजव्यांच्या सहलींतील नियम पुष्कळांना जाचक वाटतात, कारण त्यांचे कारण सांगितले जात नाही. विजेरीचा पांढरा झोत किंवा छायाचित्रासाठी पाडलेला लखलखाट यांमुळे नरमादीचे संकेत एकमेकांस दिसेनासे होतात. तांबड्या प्रकाशाची जाण काजव्यांना कमी असते, म्हणून विजेरीवर तांबडा कागद लावून ती पायांपुरती वापरावी. पायवाट सोडली की अळ्या व अंडी तुडवली जातात, शिवाय गवतावर बसलेल्या माद्याही पायाखाली येतात. वाहनांचे दिवे झाडांपासून दूरच मालवावेत. मेक्सिकोत ज्या जातीचे काजवे पाहावयास हजारो लोक जातात, तिच्या माद्यांना उडता येत नाही. तेथे वाट सोडण्याचा परिणाम काय होत असेल, याची कल्पना सहज येईल. मलेशियातील कुआला सेलांगोर येथे नदीकाठचे काजवे वल्ह्याच्या होड्यांतून दाखवतात, तर अमेरिकेतील ग्रेट स्मोकी उद्यानात प्रवेशासाठी सोडत काढली जाते. जगभर दरसाल सुमारे १० लाख लोक काजव्यांसाठी प्रवास करतात, असा अंदाज २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात मांडला आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ आपल्या डोंगरांचा नाही.

मात्र आपल्याकडे या नियमांना जुना आधार आहे. देवराईत कुऱ्हाड चालवू नये, पडलेले लाकूडही उचलू नये, पायताण बाहेर ठेवावे, आणि अगदीच निकड पडली तर देवीचा कौल घ्यावा, असे निर्बंध या गावांनी पिढ्यान् पिढ्या पाळले. गावातील वाटाड्याने पाहुण्यास वेशीवर थांबवून हे निर्बंध सांगितले, तर ते सरकारी फलकापेक्षा अधिक मानले जाण्याचा संभव आहे.

मोबदल्याचा प्रश्न

शेवटी अर्थकारणाचा विचार टाळता येत नाही. काजवे ज्या झाडांवर जमतात त्यांपैकी पुष्कळ झाडे शेतकऱ्यांच्या मालकीच्या जमिनीत उभी आहेत. झाड तोडून विकल्यास, किंवा जमीन शहरातील गृहस्थास घरासाठी दिल्यास रोख पैसा हाती येतो. झाड राखल्यास मात्र बहुधा काहीच मिळत नाही. सहल शहरातील संयोजकाने आखली, वाहन, जेवण व माहीतगारही तिकडूनच आला, तर ज्याने झाड राखले त्याच्या वाट्यास तुडवलेले शेत तेवढे राहते. त्याने पुढे झाड तोडले, तर त्यास दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

याकरिता वाटाड्या त्याच गावचा असणे, त्याचे मानधन प्रथम ठरणे, आणि झाडमालक व देवराई यांचा वाटा त्यात गृहीत धरलेला असणे, या तीन गोष्टी अशा सहलींच्या मुळाशी असावयास हव्यात. एका रात्री एका जागी किती माणसे यावीत, हा आकडाही गावानेच ठरवावा. आपल्या वाटेची रुंदी आणि आपल्या ओढ्याची ओल किती माणसे सोसू शकेल, हे गावाइतके अन्य कोणास ठाऊक असणार नाही.