कारल्याची चिंच-गुळाची भाजी

कारल्याची भाजी करताना दोन गोष्टी एकदम साधाव्या लागतात. कडूपणा खाण्याजोगा उतरवायचा, पण कारले ज्या गुणांसाठी खायचे ते त्या कडूपणातच असल्याने तो पुरता घालवायचाही नाही. आयुर्वेदातल्या चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तिक्त म्हणजे कडू रस स्वतः रुचकर नसला तरी अरुची घालवतो, असे सांगितले आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात कारले थंड, पचायला हलके, पोट साफ करणारे आणि पित्त-कफ कमी करणारे म्हटले आहे. कडू रस एरवी वात वाढवतो. कारल्याला तिथे त्यातून वगळले आहे. लहान जातीचे कारले भूक वाढवायला अधिक चांगले, असेही त्यात आहे.

म्हणून पाव किलो कारली घेताना लहान, हिरवीगार, घट्ट पाहून घ्यावीत. पिवळट पडलेले कारले मऊ होते आणि बिया टणक व लाल झालेल्या असतात. वरचे उंचवटे हलकेच खरवडावेत; ही खरवड तीळ-खोबऱ्याबरोबर कुरकुरीत परतली की तिची सुरेख चटणी होते. कारले उभे चिरून जून बिया काढाव्यात, कोवळ्या राहू द्याव्यात. मग पातळ अर्धगोल काप करून चमचाभर मीठ आणि थोडी हळद चोळून ते अर्धा तास ठेवावेत.

या अर्ध्या तासात मीठ फोडींतले पाणी ओढून घेते आणि त्याबरोबर कडू अंशही काही प्रमाणात बाहेर पडतो. उरलेले मीठ जिभेला जाणवणारा कडूपणा दबवते. फोडी तळहातात धरून एकदाच, बेताने पिळाव्यात. पुन्हापुन्हा धुऊन, उकळून पाणी टाकत राहिले तर उरतो तो निव्वळ चोथा. चरकसंहितेत अनेक पालेभाज्यांसाठी वाफवणे, पिळणे आणि भरपूर तेल-तूप घालणे ही रीत सांगितली आहे. कारल्याच्या भाजीतही पिळणे आणि सढळ तेल ही जोडी टिकून आहे, आणि तेलात काटकसर केली की भाजी रुक्ष होते.

चिंच पडणार असल्याने लोखंडी कढई टाळावी. जाड बुडाच्या कढईत तीन-चार मोठे चमचे तेल तापवून मोहरी, हिंग, हळदीची फोडणी करावी आणि फोडी घालून मंद आचेवर परताव्यात. झाकणीत पाणी ठेवून वाफ आणावी. फोड बोटाने सहज दबू लागेपर्यंत चिंच घालू नये. आंबटाने भाजीचे तंतू मऊ होणे लांबते, आणि घाईने कोळ ओतलेली कारली मग कितीही शिजवली तरी करकरीत राहतात.

फोडी मऊ झाल्यावर सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ, दोन चमचे गूळ, तिखट, गोडा मसाला आणि भाजलेल्या तिळाचे कूट घालावे. मीठ आधीच मुरलेले असते, म्हणून चव पाहूनच वाढवावे. गूळ आंबटपणाला सावरण्यापुरता असावा. त्याहून जास्त पडला तर कारले पाकातल्या फोडीसारखे लागते. या एका भाजीत सहाही रस येतात: कारल्याचा कडू, मिठाचा खारट, चिंचेचा आंबट, गुळाचा गोड, मोहरी-हिंग-तिखटाचा तिखट, तर तुरटपणा तिळाचा. भावप्रकाश तिळाच्या रसांत तुरटही मोजतो. मिरची मात्र या परंपरेत उशिरा आली. पोर्तुगीजांच्या आधी तिखटाचे काम मिरे, पिंपळी, सुंठ यांच्याकडे होते.

रस आटून कडेला तेल सुटले की भाजी झाली. वरण-भाताबरोबर ती थोडीच वाढावी. दुसऱ्या दिवशी मसाला मुरून ती अधिक चांगली लागते. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी भाजी बेताने खाण्यास सहसा अडचण नसते. रोज कारल्याचा कच्चा रस घेण्यापूर्वी मात्र डॉक्टरांना विचारावे, कारण औषधाबरोबर साखर जास्त उतरू शकते. गरोदरपणातही हा रस टाळतात.