प्रबंध कशासाठी?

विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्याला ‘तीनशे पस्तीस’ हा आकडा नवखा नाही. जे. एस. ३३५ हे त्या वाणाचे नाव, जे. एस. म्हणजे जवाहर सोयाबीन. १९९४ साली प्रसारित झालेले हे वाण जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचे. ह्या विद्यापीठाची स्थापना १९६४ सालची. तेथे एम.एस्‌सी.च्या विद्यार्थ्याला लेखी परीक्षांखेरीज एक प्रबंधही सादर करावा लागतो. नवे वाण हे अनेक शास्त्रज्ञांच्या दीर्घ परिश्रमांचे फळ असते. दोन वर्षांच्या विद्यार्थ्याकडून तशा फळाची अपेक्षा कोणीच करीत नाही. मग प्रबंधाची ही अट कशासाठी?

प्रथम अटींचे स्वरूप पाहू. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या २०२१ च्या आराखड्याप्रमाणे ह्या पदवीसाठी ७० श्रेयांक लागतात आणि त्यांतील ३० केवळ प्रबंधाच्या संशोधनाचे असतात. विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक आणि एक सल्लागार समिती मिळते. प्रश्न कोणता, त्यावर पूर्वी काम कोणी केले, प्रयोग कसा मांडावयाचा, हे सारे रूपरेषेत लिहून समितीची संमती घ्यावी लागते. त्यानंतर प्रयोग, नोंदी आणि लेखन. शेवटी बाहेरच्या परीक्षकाकडून तपासणी व तोंडी परीक्षा.

ह्या अटींमागील हेतू एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका विद्यार्थ्याने सोयाबीनमधील तणांचा विषय घेतला. जबलपुरात तणांच्या संशोधनाची एक राष्ट्रीय संस्थाच असल्याने हा विषय तेथे स्वाभाविकच म्हणावा लागेल. परंतु ‘सोयाबीनमधील तणे’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘अमुक तणनाशक एकदा फवारल्याने दोन खुरपण्यांइतके उत्पन्न येते काय?’ हा प्रश्न होय. कारण त्याला ‘नाही’ असेही उत्तर मिळू शकते. ज्याला नकार संभवत नाही, तो प्रश्न संशोधनाचा नव्हे. प्रबंधाचा हा पहिला धडा.

दुसरा धडा न्याय्य तुलनेचा. जबलपूरच्या आसपासची काळी जमीन पाणी धरून ठेवणारी. पावसाळ्यात बांध घालून शेतात पाणी अडवावयाचे, पुढे ते सोडून द्यावयाचे आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पेरावयाचा, ही तेथील जुनी ‘हवेली’ पद्धत जमिनीच्या ह्याच गुणावर उभी आहे. खरिपातील प्रयोगाला मात्र हाच गुण अडचणीचा. शेताच्या सखल भागात पाणी साचते आणि तेथील पीक मुळातच खुरटते. तणनाशकाचे सर्व वाफे सखल भागात पडले, तर दोष जमिनीचा आणि बदनामी औषधाची! म्हणून सात पद्धती तपासावयाच्या असल्यास शेताचे उताराप्रमाणे तीन पट्टे पाडतात, प्रत्येक पट्ट्यात सातही पद्धती घेतात आणि कोणत्या वाफ्याला कोणती पद्धत, हे चिठ्ठ्या टाकून ठरवितात. असे एकवीस वाफे होतात. त्यांत एक वाफा मुळीच न निंदलेला व एक सतत तणमुक्त ठेवलेला, असे प्रत्येक पट्ट्यात असतात. त्यांच्यावाचून इतरांचे मोजमाप कशाशी करणार? विसाव्या शतकात इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे रोनाल्ड फिशर ह्यांनी शेतीप्रयोगांच्या मांडणीचे हे शास्त्र उभारले आणि आज ते जगभर रूढ आहे.

कापणीनंतर आकडे हाती येतात. एका पद्धतीचे उत्पन्न दुसरीपेक्षा थोडे अधिक दिसते. पण तो फरक पद्धतीचा की योगायोगाचा? केवळ योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता शंभरात पाचांहून कमी असेल, तरच तो सामान्यतः ग्राह्य धरतात.

खरी कसोटी येथेच लागते. अतिवृष्टीने एक पट्टा वाहून जातो, किंवा सर्व पद्धतींचे उत्पन्न सारखेच निघते. खरीप वर्षातून एकदाच येतो आणि पदवीची मुदत तर दोनच वर्षांची. अशा वेळी एखाद-दुसरा आकडा ‘सुधारण्याचा’ मोह होणे अशक्य नाही. परंतु ‘फरक आढळला नाही’ हाही निष्कर्षच होय आणि तो प्रामाणिकपणे मांडणारा प्रबंध उत्तीर्ण होण्यास पात्र असतो. उलट, बनावट आकड्यावर उद्या एखादी शिफारस उभी राहिली, तर कर्ज काढून औषध फवारणारा शेतकरी त्याची किंमत मोजतो. त्याला प्रबंधाचे नावही ठाऊक नसते.

म्हणूनच प्रबंधात पेरणीची तारीख, पाऊस, बियाण्याचे प्रमाण, वाफ्याचे माप ह्यांच्या नोंदी इतक्या बारकाईने मागतात. परक्या माणसाने त्या वाचून तोच प्रयोग पुन्हा करावा आणि निष्कर्ष पारखावा, हा त्यांचा हेतू. तोंडी परीक्षेतही ‘काय सापडले?’ ह्यापेक्षा ‘कशावरून?’ हा प्रश्न अधिक मोलाचा. ज्या विद्यार्थ्याला ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर न डगमगता देता येते आणि जेथे पुरावा संपतो तेथे थांबता येते, त्याच्या बाबतीत प्रबंधाचा हेतू सफल झाला असे समजावे.