दंड भरला, तरी प्रकरण मिटत नाही

शिरपूर जैनला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या भाविकांची ने-आण करणाऱ्या चालकाचं पोट लायसनवर असतं. दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा सिद्ध झाला, तर आधी तेच हातचं जातं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्यांदा 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास 15,000 रुपये दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हेल्मेटच्या चलानासारखं हे जागेवर पैसे भरून मिटत नाही, कोर्टात उभं राहावंच लागतं. दोषी ठरल्यावर चालक किमान सहा महिने लायसनसाठी अपात्र. रोजंदारीवरच्या चालकासाठी ही शिक्षा दंडाहून कितीतरी जड आहे, कारण गाडीचे हप्ते थांबत नाहीत.

नशेत अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला आहे. पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी तर हे नीट ऐकावं: पडताळणीच्या अर्जात शिक्षेबद्दल विचारलं, तर ती लिहावीच लागते. लपवली, तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते.